टीचरबायची विहीर

रविवार, २७ एप्रिल १९८६

आज चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत माझ्या मुलीच्या, बेटीच्या, लग्नाचा पहिला पुकार झाला. फादरनी तिचं नाव वाचल्याबरोबर माझा दीर एडवर्ड मागच्या बाकावरून असा खाकरला, की सगळं देऊळ वळून बघायला लागलं. लाज नाही मेल्याला. पण मलाही आतून तसंच खाकरावंसं वाटत होतं, हे इथे लिहायला हरकत नाही. माझा नवरा रोनाल्ड गेल्यापासून या घरात आनंदाची बातमी अशी हीच.

लग्न पंचवीस मेला, रविवारी. आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी. दुपारी शेवंती माझ्या ओट्यावर मसाल्याच्या मिरच्या निवडत बसली होती. ती आणि तिचा नवरा दशरथ माझे सगळ्यात जुने भाडेकरू. तिने विचारलं, “टीचरबाय, ह्या उंबराचा पाणी म्हणजे काय ओ?” ती मालवणकडची, तिला काय माहीत. मी सांगितलं, आम्ही ईस्ट इंडियन लोक लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जातो, विहिरीला थोडी दारू आणि उकडलेले चणे देतो, कळशी भरून आणतो आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतो. “विहिरीक दारू?” म्हणून ती इतकी हसली, की मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि मग रडायला लागली.

आणि विहीर तर आमच्याच अंगणातली. आमचं लग्न झालं त्या वर्षी रोनाल्ड आणि एडवर्ड या दोघा भावांनी खणलेली. तळाला कासव आहे. कासव जिवंत तोवर पाणी चांगलं, असं सासूबाई सांगायच्या, आणि कासव चांगलं टुणटुणीत आहे. रस्त्याच्या टोकाचा नळ कोरडा पडतो तेव्हाही माझ्या चाळीला पाण्याची ददात नसते. शिवाय गेल्या दिवाळीत भाडेकरूंसाठी पक्का संडास बांधून घेतला, फणसामागे. मुद्दाम विहिरीजवळ, म्हणजे बायकांना लांबून बादल्या वाहाव्या लागू नयेत. घरमालकीण असावी तर अशी, असं मीच म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणत नाही.

बुधवार, ३० एप्रिल

नाल्यापलीकडच्या झोपड्यांत गॅस्ट्रोची साथ आली आहे म्हणे. तिथली दोन माणसं गेली. देव त्यांना शांती देवो.

आज म्युनिसिपालिटीचा सॅनिटरी इन्स्पेक्टर आला. सहदेव नाव. शर्ट खोचलेला, पायात रबरी चपला, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. विहिरीच्या पाण्याची बाटली भरून घेतली.

“माझी विहीर आहे. विचारलंस का?”

“विचारायलाच आलोय, टीचर.”

“बाटली भरून झाल्यावर?”

तो ओशाळून हसला. मग विहिरीपासून फणसापर्यंत पावलं टाकत गेला, परत आला, काहीतरी पुटपुटला. फणस मोजत असणार. सरकारी माणसाचं लक्ष असतंच दुसऱ्याच्या झाडावर. “कापा आहे, बरका नाही,” मी ओरडून सांगितलं.

शनिवार, ३ मे

विहिरीला कुलूप लावलं.

लोखंडी जाळी आणून तोंडावर बसवली, साखळी, कुलूप, वर लाखेचं सील. मी कठड्यावर बसून राहिले होते. हवालदार म्हणाला, “मावशी, उठा ना, उगाच तमाशा नको.” मी म्हटलं, तमाशा कोणी आणलाय? शेवटी बेटीने हात धरून उठवलं. स्वतःच्या मुलीने! मला त्याचाच जास्त राग आला.

सकाळपासून रिक्षावर भोंगा लावून एक माणूस गावठाणात फिरतोय. विहिरीचं पाणी बंद, उसाचा रस बंद, कापलेली फळं बंद, बर्फाचा गोळा बंद, परवानगीशिवाय जेवणावळी बंद. श्वास तेवढा चालू ठेवलाय. पाणी कुठून आणायचं ते भोंगा सांगत नाही. रस्त्याच्या टोकाला एकच नळ, तो संध्याकाळी येतो आणि करंगळीएवढा येतो.

सहदेव म्हणाला, “नमुना वाईट आलाय, टीचर.”

मी म्हटलं, “कासव बघ.”

तो म्हणाला, “कासवाला गॅस्ट्रो होत नाही.”

जिभेला हाड नाही पोराच्या. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.

सोमवार, ५ मे

वॉर्ड ऑफिसात गेले. मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. बऱ्याच वेळाने आत घेतलं. मी विचारलं, मोठ्या हॉटेलांच्या विहिरींना कुलूप नाही, मग मलाच का? म्हणाले, त्यांचं पाणी तपासलंय. असेल. नसेलही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी चौथीला इतकी वर्षं शिकवलं.

“बरं, मग माझ्या चाळीला नळ कधी देता?”

“अर्ज करा, बाई.”

“कुलूप तर अर्ज न करता आलं.”

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

घरी येताना विचार करत होते. साथ खरी आहे, हे मला कळतं. माणसं मेली आहेत. सरकारने काही करू नये, असं कोण म्हणेल? पण सरकारला माझ्या अंगणात किती आत येऊ द्यायचं? आज विहीर, उद्या चूल, परवा म्हणतील लग्नच करू नका. कुठेतरी उंबरठा असतोच ना. तो त्यांनी विचारून ओलांडावा, एवढंच माझं म्हणणं.

गुरुवार, ८ मे

संध्याकाळी अंगणात बैठक. सगळं गावठाण लोटलं. मी ओट्यावर उभी राहून बोलले. शाळा सुटल्यापासून इतकं खणखणीत बोलले नव्हते. “विहीर माझी, हक्क माझा!” म्हटलं, तर पोरांनी तेच उचलून धरलं. ठरलं ते असं, की चोवीस तारखेला उंबराच्या पाण्याला मातीचं घुमट बडवत, बँड लावून सगळे मिळून यायचं आणि कुलूप तोडायचं. अख्ख्या गावठाणाला कोण धरून नेतो ते बघू. एडवर्ड म्हणाला, “वयनी, घणाचा पहिला घाव माझा.”

बेटी बैठकीला आली नाही. आत कपड्यांना इस्त्री करत होती. मी विचारलं तर म्हणाली, “ममा, पापाने विहीर खणली होती, देऊळ नव्हतं बांधलं.”

सीप्झमधल्या कारखान्यात नोकरीला लागल्यापासून तिला फार अक्कल आली आहे. हल्ली रोज कंपनीतून पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन भरून आणते. विचारलं तर म्हणते, लग्नाआधी चेहऱ्याला फिल्टरचं पाणी चांगलं. आमच्या वेळी डाळीचं पीठ लावलं तरी नवरा मिळायचा.

शनिवार, १० मे

एडवर्डने जाळीची एक सळई कापून ठेवली आहे. वरून कळत नाही, पण बाजूला केली की कळशी आत जाते. सील जागच्या जागी. आता पहाटे चाळीतल्या बायका येऊन गुपचूप पाणी भरतात. माझ्या घरचंही एडवर्ड भरून ठेवतो, बेटी ते माठात ओतते. गंमत म्हणजे हल्ली माठातलं पाणी जास्तच गोड लागतं. विहिरीला नवा झरा फुटला असावा.

दशरथ मात्र पहिल्या दिवशी कळशी घेऊन नुसताच उभा राहिला. मिल बंद पडल्यापासून तो एका गोदामावर वॉचमन आहे. कायद्याला भिणारा माणूस.

“टीचरबाय, पाणी बरां आसा मां?”

“अरे, मी स्वतः पिते. मला काही झालंय?”

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि कळशी खाली सोडली.

सोमवार, १२ मे

सहदेव पुन्हा आला. या माणसाला दुसरं काम नाही. जाळीजवळ गेला, कापलेल्या सळईवर हात ठेवला आणि मला धस्स झालं. पण तो म्हणाला, “गंज लागलाय इथे,” आणि खिशातून तार काढून सळई घट्ट बांधून टाकली. पक्कड घेऊनच आला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “टीचर, हे पाणी कोणालाही देऊ नका हां. प्लीज.”

आंधळा आहे, मी मनात म्हटलं. काप आणि गंज यातला फरक कळत नाही. तो गेल्यावर एडवर्डने तार सोडवली.

बुधवार, १४ मे

शेवंतीला सकाळपासून जुलाब आणि उलट्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी मीठ-साखरेचं पाणी दिलं, माठातलं. जरा वेळ राहिलं, मग तेही निघून गेलं. दशरथ कामावर होता, त्याला निरोप धाडला. सहदेवला कोणी कळवलं कोण जाणे, तो म्युनिसिपालिटीची गाडी घेऊनच आला. शेवंतीला उचलून गाडीत ठेवताना तिने माझा पदर धरला होता. मी बोटं सोडवली.

काल तिने बाजारातून कोलंबी आणली होती. त्यातूनच झालं असणार. या दिवसांत कोलंबी खाऊ नये, हे कितीदा सांगितलंय.

गुरुवार, १५ मे

साथीच्या रोगांच्या इस्पितळात गेले. फाटकातच अडवलं. आत कोणालाही सोडत नाहीत. दशरथ फाटकाबाहेर पदपथावर बसला होता. त्याच्याजवळ बसले. आतून एक नर्स बाहेर आली, तिने सांगितलं, सलाईन लावलंय, आज काही सांगता येत नाही.

रोसरीची प्रार्थना म्हणत घरी आले. मध्येच विसरत होते.

शनिवार, १७ मे

शेवंती अजून तशीच. चाळीतल्या आणखी एका घरात दोघांना सुरू झालं आहे.

आज सहदेव आला तो सरळ माझ्यासमोर बसला. म्हणाला, “टीचर, तुमच्या संडासाच्या शोषखड्ड्यात मला रंग टाकायचाय. खड्ड्यातलं पाणी जमिनीतून कुठे जातं ते कळेल. तुमची परवानगी असेल तर.”

म्हणजे या वेळेला विचारलं. मला बरं वाटलं. पण त्याच्या बोलण्याचा अर्थ लक्षात आला तसा संताप झाला. माझ्या संडासाचं पाणी माझ्या विहिरीत? मध्ये एवढी जमीन आहे, मुरूम आहे!

“टाक रंग,” मी म्हटलं. “पण एक अट. विहीर स्वच्छ राहिली तर कुलूप तू तुझ्या हाताने काढायचंस. सगळ्या गावठाणासमोर.”

“कबूल. आणि रंग आला तर?”

“येणारच नाही.”

त्याने हिरवी पूड बादलीत कालवली आणि मी, टीचर लूर्डस, माझ्या हाताने ती बादली खड्ड्यात ओतली. मला खात्री होती. कोलंबीचीच खात्री होती.

सोमवार, १९ मे

विहीर हिरवी झाली.

सकाळी जाळीतून बघितलं तर एका बाजूने, फणसाच्या बाजूने, दगडांतून हिरवी रेघ उतरत होती. दुपारपर्यंत सगळं पाणी पोपटी झालं. आणि कासव त्या हिरव्या पाण्यात आरामात पोहत होतं, मान वर काढून माझ्याकडे बघत होतं. इतकी वर्षं मी त्या मुक्या जिवाला साक्षीला उभं केलं.

म्हणजे दिवाळीपासून. ज्यांच्यासाठी मी संडास बांधला, त्याच लोकांना त्याचं पाणी मी पाजलं.

सहदेवने वहीत तारीख टिपली, एवढंच. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी आत जाऊन पलंगावर बसले. बेटी कामावरून आली, माझ्या पायाशी बसली. मी म्हटलं, “पण मीसुद्धा तेच पीत होते गं. मला का नाही झालं?”

तिने माझ्या पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, “ममा, कुलूप लागल्यापासून तू विहिरीचं प्यायलीच नाहीस. एडवर्ड अंकल भरून ठेवायचे ते मी बागेत ओतायचे. माठात कंपनीचं पाणी असायचं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू मुद्दाम विहिरीचं प्यायली असतीस.”

ते खरं आहे. पोरगी मला ओळखते. मी तिच्यावर ओरडले, मग तिला जवळ घेतलं, मग पुन्हा ओरडले. चाळीला का नाही सांगितलंस, म्हणून. ती म्हणाली, “ममा, तुझ्या शब्दापुढे चाळीत माझं कोण ऐकणार होतं?”

मंगळवार, २० मे

चाळीच्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. पाणी वाईट आहे, विहिरीला हात लावू नका, सळई मी वेल्डरकडून जोडून घेतली आहे. बायका ऐकून घेत होत्या.

दशरथ इस्पितळातून कपडे बदलायला आला होता. शेवंती वाचली आहे, पण उठवत नाही. मी सगळं सांगितलं. मी पीत असल्याचं सांगितलं होतं ते खोटं निघालं, मला माहीत नव्हतं, बेटी मला दुसरं पाणी देत होती, हेही सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर त्याला कळलं नसतं. पण मग पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघता आलं नसतं.

तो उभाच होता. म्हणाला, “तुमका वाचवूक तुमचां चेडू होतां.” एवढंच. टोपी उचलली आणि गेला.

मला त्याचा राग आला नाही. यायला हवा होता, म्हणजे जरा सोपं गेलं असतं.

गुरुवार, २२ मे

गावठाणाला समजावण्याचा प्रयत्न केला. ऐकायला कोणी तयार नाही. एक म्हणतो, रंग म्युनिसिपालिटीवाल्यांनी सरळ विहिरीतच टाकला. मी म्हटलं, अरे, मी स्वतः ओतला खड्ड्यात. तर म्हणतो, टीचर, तुम्हाला फसवलं. दुसरा म्हणतो, आज तुमची विहीर गेली, उद्या आमच्या जातील, मग बिल्डर येतील. ती भीती मलाही आहे. एडवर्ड तर माझ्याशी बोलतच नाही. त्याच्या भावाची विहीर मी सरकारला विकली, असं तो गुत्त्यावर सांगत फिरतोय.

शनिवारी ठरल्याप्रमाणे सगळे येणार आहेत. घण घेऊन. माझ्यासाठी! मीच पेटवलेली चूल आता मला विझवता येत नाही.

सहदेवने जेवणाची परवानगी आणून दिली. सगळं गरम वाढायचं, सरबत नाही, बर्फ नाही, सॅलड नाही, पाण्यासाठी टँकर ते पाठवणार. फुग्यांना परवानगी आहे का, मी विचारलं. फुगे म्हणजे काय, तो विचारतो. मैद्याचे गोळे, तळलेले असतात म्हटल्यावर म्हणाला, मग मलाही दोन ठेवा. मी त्याला शनिवारचं सांगितलं. पोलिस आणू का, म्हणाला. मी म्हटलं, नको. पोलिस आले की ते कुलूप तोडणारच. हे माझ्यावर सोड.

सोडलं त्याने. त्या क्षणी मला तो पोरगा फार आवडला, पण त्याला सांगितलं नाही.

शनिवार, २४ मे

आजचं नीट लिहायचं आहे.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. बायका लुगडी नेसून, केसांत फुलं, बँडवाला पुढे. एडवर्ड घुमट वाजवत होता, पण माझ्याकडे न बघता. मागे पोरं घण घेऊन. कळशीला मी स्वतः झेंडू बांधले होते. मिरवणूक फाटकातून आत शिरली तेव्हा मी जाळीवर उभी होते. कठड्यावर चढायला बेटीने हात दिला. साठीला आलेली बाई, पण चढले.

बँड थांबला. कोणीतरी ओरडलं, “विहीर टीचरची!” बाकीचे ओरडले, “हक्क टीचरचा!” माझेच शब्द, फक्त नाव लावलेले.

मी हात वर केला. वर्गात करायचे तसा. आणि खरंच गप्प झाले, निम्मे तर माझ्या हाताखालून गेलेले.

“विहीर कोणाची?” मी विचारलं.

“तुमची, टीचर!”

“मग तिचं पाणी द्यायचं की नाही, हे कोण ठरवणार?”

पोरं हातातल्या घणाकडे बघायला लागली.

“मी ठरवणार. म्युनिसिपालिटी नाही आणि तुम्हीही नाही. मी ठरवलंय, नाही द्यायचं. माझ्या शब्दावर चाळीने हे पाणी प्यायलं आणि शेवंती मरता मरता वाचली. कुलूप त्यांनी लावलं तेव्हा मी भांडले. न विचारता लावलं म्हणून अजूनही भांडेन, नळ मिळेपर्यंत भांडेन. पण आजपासून हे कुलूप माझं आहे. तोडायचं असेल तर माझ्या पायावर घण घाला.”

एडवर्डने घुमट खाली ठेवला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि सगळं फिसकटणार. तो पुढे आला. पोराच्या हातातला घण घेतला, कठड्याला टेकवून ठेवला आणि जाळीतून खाली बघत राहिला. रोनाल्डने रचलेल्या दगडांकडे. त्याचे खांदे हलत होते. मग कोटाच्या खिशातून बाटली काढून त्याने जाळीतून थोडी दारू ओतली, मी मूठभर चणे टाकले. विहिरीचा मान विहिरीला दिला. मी रडले, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

“आता पाणी कुठलं, वयनी?” त्याने विचारलं. कित्येक दिवसांनी बोलला.

“नळाचं. चला.”

मिरवणूक वाजतगाजत रस्त्याच्या टोकाला गेली. नळावर ही रांग. हंडे, डबे, बादल्या. एका बाईने बँडकडे बघून विचारलं, “ये क्या है, नळाचं उद्घाटन?” सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, लग्नाचं आहे, पुढे जाऊ द्या टीचरना. मी नको म्हटलं. रांगेत उभी राहिले, कळशी घेऊन, लुगड्यात, आणि मागे सगळा बँड ताटकळत. बँडवाल्याने उभ्या उभ्या तिथेच दोन गाणी वाजवली.

माझ्या पुढे दशरथ होता. दोन हंडे घेऊन. शेवंती सोमवारी घरी येणार, तिच्यासाठी पाणी साठवत होता. त्याने मागे बघितलं, मला बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याचे दोन्ही हंडे भरले तोवर धार बारीक झाली होती. तो हंडे उचलून गेला. माझी कळशी लावली, ती अर्धी झाली आणि नळ गेला.

अर्धी कळशी पुरली. मी बेटीच्या डोक्यावर पाणी ओतलं, बायका गात होत्या. ब्लीचिंगचा वास येत होता. बेटी डोळे मिटून बसली होती आणि अगदी रोनाल्डसारखी दिसत होती.

सोमवार, २६ मे

लग्न थाटात झालं. त्याचं पुढे कधीतरी लिहीन. बेटी सासरी गेली, घर नुसतं खायला उठतं. सहदेव येऊन फुगे खाऊन गेला, दोन म्हणाला होता, सहा खाल्ले.

त्यानेच सांगितलं, साहेबांचं म्हणणं, विहीर किंवा संडास, दोन्हींपैकी एक बुजवावं लागेल. कुठलं ते मालकिणीने ठरवायचं. एडवर्ड लगेच म्हणाला, संडास. मी म्हटलं, नाही. संडास गेला तर चाळीतल्या बायका पुन्हा नाल्याकडे जाणार, अंधार पडायची वाट बघत. विहीर बुजवा. कासवाला तलावात सोडून या. आणि नळाचा अर्ज लिहून ठेवला आहे, तो घेऊन उद्यापासून मी वॉर्ड ऑफिसच्या बाकावर बसणार, हे साहेबांना सांग, तिथला पंखा बंद असला तरी. सहदेव म्हणाला, “पंखा चालू करून ठेवायला सांगतो.”

दुपारी शेवंती आली. दशरथ तिला सोडून कामावर गेला. ओळखू येत नाही, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. मी तांदळाची पेज नेली आणि नळाचं पाणी, उकळून गाळलेलं, ग्लासात. तिने पेजेचं भांडं घेतलं. ग्लास घेतला नाही.

“नळाचं आहे,” मी म्हटलं. “मी उकळलंय.” तिच्यासमोर मी अर्धा ग्लास प्यायले.

तिने माझ्याकडे बघितलं, दशरथने त्या दिवशी बघितलं होतं तसं. रागाने नाही. मग हळूच म्हणाली, “ठेवा थंय, टीचरबाय. ह्यांका येवंदेत, मगे पितंय.”

मी ग्लासवर ताटली झाकली आणि तिच्या उशाशी ठेवला. पेज तिने थोडी खाल्ली. उद्या सकाळी पुन्हा नेणार आहे. ती माझ्या हातून पाणी घेईपर्यंत रोज नेणार आहे.